ईव्ही का प्लग-इन हायब्रिड? नेमकं कोणत्या गाडीचं काम धरावं

वाळूजवाला:
राम राम मंडळी. संभाजीनगरजवळ वाळूजला आमचं छोटं वर्कशॉप आहे, सायलेन्सरच्या पाईपचं अन् ब्रॅकेटचं जॉबवर्क करतो. आता बिडकीनला टोयोटा यायली, जुलै २०२४ मधी सरकारसोबत करार झाला वीसेक हजार कोटींचा, इलेक्ट्रिक स्कूटरवाली एथर पण यायली, अन् जो तो म्हणायलाय इलेक्ट्रिकचं काम धर नाहीतर घरी बसशील. मेव्हणा म्हणतो चीनमधी प्लग-इन हायब्रिड (वायर लावून चार्ज होते अन् पेट्रोलवर बी पळते ती) धडाधड विकायल्यात, त्यात इंजिन असतंच म्हणजे सायलेन्सर राहणार, कशाला घाबरतो. कर्ज काढून पाईप बेंडिंगचं (वाकवायचं) सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं, मशीन घ्यायचं चाललंय, घेऊ का थांबू?

जालनेकर:
मेव्हण्याचं अर्धंच बरोबर. तिथल्या बीवायडी कंपनीने २०२४ ला निव्वळ इलेक्ट्रिकपेक्षा प्लग-इन जास्त विकल्या, मान्य. पण तिथं सरकारने दोन्हीला खरेदी करात सूट दिली. आपल्याकडं इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्के अन् चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला ४०, मग तिला प्लग असो का नसो. एवढ्या फरकात प्लग-इन स्वस्तात देणार कोण? इथं आल्या त्या बीएमडब्ल्यू एक्सएमसारख्या, कोटींच्या. आपल्या शहराने २०१० ला एका दमात दीडशे मर्सिडीज उचलल्या होत्या खरं, पण तशा गिऱ्हाइकावर तुमचं वर्कशॉप चालत नसतं भाऊ 😀

परभणीचा_पाहुणा:
सगळं टॅक्सवर नका टाकू. समृद्धीवर इलेक्ट्रिकला टोलमाफी दिली, छान, पण परभणी-हिंगोलीकडं आल्यावर फास्ट चार्जर शोधत फिरा मग. आमच्याकडं लोकं टोयोटाची हायक्रॉस घ्यायलेत, तिला चार्जिंगचं टेन्शनच नाही, अन् लई जणांना तीच प्लग-इन वाटते! ती साधी हायब्रिड आहे, बॅटरी गाडी चालतानाच भरते, वायर लागतच नाही. इंजिन राहील ते अशा गाड्यांमुळं, प्लग-इनमुळं नाही.

टूलरूम_अण्णा:
प्लग-इनचं दुखणं असं की दोन्ही संसार एकाच गाडीत. इंजिन, गिअरबॉक्स, टाकी, सायलेन्सर आहेच, वरून मोटर, बॅटरी अन् चार्जर. बॅटरी महाग होती तेव्हा लहान बॅटरीत भागवायला हे ठीक होतं, आता बॅटरी स्वस्त व्हायली तसा तो फायदा आटत चाललाय. शेवरोलेची व्होल्ट २०१० ला आली, गाडी चांगली होती तरी २०१९ ला बंद केली. युरोपात तर लोकं पुरेसं चार्जिंगच करत नाहीत, जास्त करून पेट्रोलवरच पळवतात, प्रत्यक्षात कागदावरच्या साडेतीनपट तेल जातं असं युरोपियन कमिशनच्याच आकड्यांत निघालं.

आता तुमच्या मशीनचं. बेंडिंग मशीनला काय माहीत पाईप सायलेन्सरचा आहे का सीटच्या फ्रेमचा? इलेक्ट्रिकमधी बॅटरी थंड ठेवायला कूलंटच्या लाईनी लागतात, त्यात ॲल्युमिनियमचे पाईप बी असतात. मशीन घ्या, पण फक्त सायलेन्सरच्या ऑर्डरीवर हप्ते बसवू नका.

वाळूजवाला:
अण्णा, हे डोक्यातच नव्हतं आलं. ॲल्युमिनियमला मँड्रेल (पाईपच्या आत घालायचा दांडा) अन् डाय (वाकवायचा साचा) वेगळी लागंल ना? पातळ पाईप वाकवताना सुरकुत्या पडतात म्हणून विचारतो. कोटेशन मागवताना ते टूलिंग आत्ताच धरावं का ऑर्डर आल्यावर?

टूलरूम_अण्णा:
डाय नंतर. पण मशीनला मँड्रेलची सोय आत्ताच घ्या, मागून बसवायला लई महाग पडतं.