ऑफ-सीझनमध्ये लेव्हल स्विच: साफसफाईशिवाय काय तपासायचं?

गाळप_इन्स्ट्रुमेंट:
साखर कारखाना आहे, ओव्हरहॉलिंग सुरू आहे, टाक्यांचे लेव्हल स्विच (पातळी ओळखून अलार्म देणारे किंवा पंप थांबवणारे) तपासायचे आहेत. सल्फिटेड (सल्फर डायऑक्साइड दिलेल्या) रसाच्या टाकीवर हाय लेव्हलला ट्यूनिंग फोर्क (कंप पावणाऱ्या दोन पात्यांचा स्विच) आहे, कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) टाकीवर लो लेव्हलला मॅग्नेटिक फ्लोट (आत चुंबक असलेला तरंगता गोळा), फीड वॉटर (बॉयलरला जाणारं पाणी) टाकीवर इलेक्ट्रोड (पाण्यातून वीज वाहते का ते बघणारा). फोर्कचा अलार्म टाकी निम्मी असतानाही लागून राहायचा. फ्लोटने मात्र टाकी रिकामी झाली तरी पंप ट्रिप केला नाही, म्हणजे आपोआप थांबवला नाही. कुठून सुरुवात करू?

फोर्कवाला:
पात्यांवर कॅल्शियम सल्फाइटचा थर बसला की त्यांची कंपनं मंदावतात, आणि स्विचला वाटतं रस लागला. म्हणून खोटा अलार्म. तोच फोर्क लो लेव्हलला असता तर पंप कोरडा फिरला असता, त्यामुळे हे दुखणं हलकं समजू नका.

20 लिटर पाण्यात 1 किलो सल्फॅमिक ॲसिड. पाती अर्धा तास बुडवा, नायलॉन ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. सल्फाइटवर ॲसिड पडलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो, तेव्हा हे काम उघड्यावर, मास्क लावूनच. हायड्रोक्लोरिक नको, स्टेनलेसला खड्डे पडतात. स्क्रेपरने खरवडू नका. पातं जरा वाकलं तरी फोर्क गेला. आडवा बसवताना दोन पात्यांमधली फट उभी हवी, म्हणजे रस निथळून जातो.

रिले_पॅनल:
फ्लोटचं कारण बहुधा दोनपैकी एक. कंडेन्सेटमधला काळा गंज फ्लोटच्या चुंबकाला धरतो आणि फ्लोट दांड्यावर अडकतो. नाहीतर कॉन्टॅक्टरची (पंपाची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल थेट रीडवर (फ्लोटच्या चुंबकाने जुळणाऱ्या दांड्यातल्या नाजूक कॉन्टॅक्टवर) चालवल्यामुळे रीड चिकटलेला असतो.

वायर सोडवा, मल्टीमीटर लावा, फ्लोट सावकाश दहा वेळा वर-खाली करा. एकदाही कॉन्टॅक्ट अडकला तर रीड बदला आणि रीड आणि कॉन्टॅक्टरच्या मध्ये इंटरपोझिंग रिले (कॉइलचा भार स्वतः घेणारा छोटा रिले) टाका. 24 व्होल्ट डीसी असेल तर रिलेच्या कॉइलवर डायोडही. फ्लोट गरम पाण्यात दाबून धरा; बुडबुडे आले तर तो फुटका आहे. परत घालताना उलटा घातला तर कॉन्टॅक्टही उलटा होतो, म्हणून काढण्याआधी वरच्या बाजूला खूण करा. पाणी असताना सर्किट जुळलेलं (क्लोज्ड) राहील अशी जोडणी ठेवा, म्हणजे वायर तुटली तरी पंप थांबेल.

फीडवॉटर:
इलेक्ट्रोडवर स्केल असेल तर पाणी असूनही 'नाही' दिसतं. डोक्यावरच्या इन्सुलेटरवर ओल असेल तर पाणी नसूनही 'आहे' दिसतं, आणि घात करतं ते हे दुसरं. इन्सुलेटर कोरडा करा, ग्लँडचं रबर बदला, केबलला खाली झोळ द्या. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) 500 व्होल्टचा, फक्त दोन्ही टोकं सोडवलेल्या केबलवर. फोर्कच्या इलेक्ट्रॉनिक्सवर चुकूनही नाही.

संवेदनशीलता बोअरच्या पाण्यावर सेट करू नका. सीझनमध्ये टाकीत येणाऱ्या कंडेन्सेटची वाहकता फार कमी असते. बोअरवर पास झालेला स्विच सीझनमध्ये पाणी ओळखतच नाही.

गाळप_इन्स्ट्रुमेंट:
ट्रिपची चाचणी हाताने फ्लोट हलवून चालेल का?

रिले_पॅनल:
नाही. टाकी पाण्याने भरा, पंप चालवून हळूहळू उतरवा. ट्रिप किती मिलिमीटरला आला ते डिप टेपने मोजून लिहा आणि पंप खरोखर थांबला का ते एमसीसीवर (मोटरींच्या कंट्रोल पॅनलवर) बघा. पातळी सक्शनच्या तोंडाजवळ येऊनही ट्रिप आला नाही तर हाताने थांबवा. सीझनमध्ये लावलेले बायपास जंपर (स्विचला वगळून जोडलेल्या वायरी) आधी शोधून काढा.