मदत हवी आहे: मुलांचे रॉकेट दांडी सोडताच आडवे होते

रॉकेटवेडी:
शेजारच्या मुलांना मी मॉडेल रॉकेटचा छंद लावला आहे. माझी रॉकेटे सरळ उडतात. मात्र मुलांनी मिळून बनवलेले रॉकेट सुरुवातीला सरळ धरून ठेवणारी उड्डाणाची दांडी सोडून थोडे वर जाते न जाते तोच कलंडते, आडवे धावते आणि पॅराशूट उघडण्याआधीच जमिनीवर आपटते. रविवारी मुलांनी आपापल्या पालकांना उड्डाण पाहायला बोलावले आहे, त्यामुळे वेळ फार थोडा आहे. वाऱ्याचे कारण कृपया सांगू नये, कारण वारा नव्हता. नेमके काय बदलावे, एवढेच सांगावे.

शंकासुर:
मोटर कोणती, वजन किती, पंख किती आणि कोठे, यांपैकी एकही गोष्ट न लिहिता नेमका उपाय मागणे म्हणजे रोग्याला घरी ठेवून वैद्याकडे औषध मागण्यासारखे आहे. आधी माहिती द्यावी.

बाटलीबहाद्दर:
मुळात मुलांच्या खेळात बंदुकीच्या दारूची मोटर हवीच कशाला? शीतपेयाची प्लास्टिकची बाटली घ्यावी, एक-तृतीयांश पाणी भरावे आणि सायकलच्या पंपाने हवा दाबावी. मुले भिजतात, हसतात आणि दहा मिनिटांत पुन्हा उडवतात.

रॉकेटवेडी:
पाण्याच्या रॉकेटविषयी मी विचारलेले नाही. मोटर अर्थातच सी६-५ आहे आणि मोटरसह वजन ९५ ग्रॅम आहे. मोटर मी स्वतः बसवते, प्रज्वलन विजेच्या तारेने दुरून होते, सुरक्षा-किल्ली माझ्याच गळ्यात असते आणि मुले पाच मीटरांच्या बरीच मागे उभी असतात.

जुना_उडवय्या:
मग मोटरीचा दोष नाही. सी६ चा सरासरी रेटा नावाप्रमाणे ६ न्यूटन असतो आणि आपल्या रॉकेटचे वजन एका न्यूटनहून किंचित कमी भरते. म्हणजे रेटा वजनाच्या सहापट आहे आणि साधारण पाचपट पुरतो. पॅराशूटचाही दोष नाही. नावातील ५ हा आकडा मोटर जळून संपल्यापासून पॅराशूट बाहेर ढकलले जाईपर्यंतचे सेकंद सांगतो, आणि आडवे धावणारे रॉकेट तोवर जमिनीला भिडते. गडबड स्थैर्याची दिसते.

बाटलीबहाद्दर यांना एवढेच सांगतो की दाबाखालची बाटली निरुपद्रवी नसते. उन्हात राहून कडक झालेली किंवा चरे पडलेली बाटली फुटते, म्हणून तिथेही अंतर आणि शिस्त लागतेच.

बाटलीबहाद्दर:
शिस्त नको, असे मी कोठे म्हटले? निखारा नसतो, एवढाच माझा मुद्दा आहे.

इतिहासवाचक:
थोडे अवांतर. रॉबर्ट गॉडर्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी द्रव इंधनाचे पहिले रॉकेट उडवले, तेव्हा इंजिन वरच्या टोकाला आणि टाक्या खाली ठेवल्या होत्या. ते सुमारे अडीच सेकंद उडाले आणि जेमतेम साडेबारा मीटर उंच गेले. वरून ओढले की रॉकेट आपोआप सरळ राहील, ही समजूत चुकीची होती. आपल्या मुलांना हे सांगता येईल.

शंकासुर:
सांगता येईल, पण रॉकेट त्याने सरळ होणार नाही. पंखांचे उत्तर अजून मिळालेले नाही.

रॉकेटवेडी:
तळाशी नेहमीप्रमाणे तीन पंख आहेत. शिवाय प्रत्येक मुलाने पुठ्ठ्याचा एक छोटा पंख रंगवून, त्यावर आपले नाव लिहून लावला आहे. तळाशी जागा उरली नाही म्हणून काही मधोमध आणि काही नाकाच्या जरा खाली आहेत. गुरुत्वमध्य मी बोटावर तोलून पाहिला होता, तो बराच पुढे होता. अर्थात तेव्हा मोटर बसवलेली नव्हती.

भौतिकवाली:
इथेच सगळे आले. रॉकेट सरळ राहण्यासाठी गुरुत्वमध्य हा दाबमध्याच्या, म्हणजे हवेचा बाजूचा रेटा जिथे एकवटतो त्या बिंदूच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका, असावा लागतो. नाकाजवळचे पंख दाबमध्य पुढे ओढतात आणि शेपटीतली भरलेली मोटर गुरुत्वमध्य मागे नेते. दोन्ही एकमेकांच्या जागी आले की रॉकेट जरा ढळताच हवा त्याला सावरण्याऐवजी आणखी कलंडवते. म्हणून तोलायचे ते नेहमी न वापरलेली मोटर आत घालूनच.

जुना_उडवय्या:
नाकात पंधरा ग्रॅम मॉडेलिंगची माती भरावी, म्हणजे पंख काढायलाच नकोत.

भौतिकवाली:
त्याने वजन ११० ग्रॅम होईल. या मोटरीला उड्डाणाच्या वेळी सुमारे ११३ ग्रॅमच झेपतात, म्हणजे रॉकेट दांडी सोडताना संथ असेल आणि पंखांना पकड मिळायला वेग लागतो. माती हा दुसरा उपाय आहे, पहिला नव्हे.

रॉकेटवेडी:
पंख काढले तर मुले रुसतील. ज्याचा पंख काढू, तो रविवारी येणारच नाही.

भौतिकवाली:
काढून फेकू नका. पुढच्या पंखांवरचा रंगवलेला कागद सोलून नळीवरच सपाट चिकटवा. नावे राहतील आणि हवेला आडवे काही येणार नाही. त्याआधी मुलांकडून रॉकेटची बाह्याकृती पुठ्ठ्यावर काढून घ्या, कापा आणि पट्टीच्या कडेवर तोला. पुठ्ठा जिथे तोलला जातो ती जागा खऱ्या दाबमध्याच्या थोडी पुढेच येते, म्हणजे अंदाज चुकला तरी सुरक्षित बाजूला चुकतो. पुढचे पंख असलेली आणि नसलेली अशा दोन आकृत्या करून घेतल्या, तर आपला पंख का हलवायचा हे मुले स्वतःच तुम्हाला सांगतील.

जुना_उडवय्या:
हे मान्य आहे. शेवटी दोरीची चाचणी मात्र करावी. मोटर बसवून, प्रज्वलनाची तार न लावता, गुरुत्वमध्याशी दोरी बांधावी आणि रॉकेट डोक्यावरून गोल फिरवावे. नाक पुढे ठेवून फिरले की निश्चिंत व्हावे.

रॉकेटवेडी:
दोरी किती लांब हवी? खोलीत जमेल का?

जुना_उडवय्या:
खोलीत नाही. दोरी निदान दोन-तीन मीटर हवी, कारण आखूड दोरीवर चांगले रॉकेटही वेडेवाकडे फिरते. फिरवणारे तुम्हीच असावे आणि मुलांना दोरीच्या टप्प्याबाहेर उभे करावे.