कमी पैशात घरी गाणं रेकॉर्ड करायचंय, आधी काय घेऊ?

कोरी_तार:
नमस्कार मंडळी. मी गिटार वाजवतो, गातो, स्वतःची गाणी बांधतो आणि आजवर सगळं मोबाईलवरच रेकॉर्ड करत आलोय. आता जरा नीट करावं म्हणतोय. जवळ आहे ते असं: ८ जीबी रॅमचा जुना विंडोज लॅपटॉप, पिकअप (तारांचा आवाज वायरीतून बाहेर देणारा भाग) असलेली अकूस्टिक गिटार, आणि माइकवाले साधे इअरफोन. एका वेळी एकच वस्तू घेता येईल, दुसरी घ्यायला मध्ये चार-सहा महिने जातील. व्हिडिओ बघून बघून डोकं भंजाळलंय, एक जण म्हणतो कंडेन्सर माइकशिवाय (स्टुडिओतला, बारीक आवाज पकडणारा) आवाज येतच नाही, दुसरा म्हणतो आधी मॉनिटर स्पीकर (रेकॉर्डिंग जसंच्या तसं ऐकवणारे) घ्या, तिसरा म्हणतो लॅपटॉपच बदला.

मागच्या आठवड्यात ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रयत्न केला. आधी गिटार घेतली, मग ती ऐकत वर गायलो, तर नंतर ऐकताना आवाज गिटारच्या मागे पडलेला. वाटलं मीच ताल सोडतोय, म्हणून मेट्रोनोम लावून चारदा गायलो, तरी तेच!! आणि आवाज असा लांबून, पोकळ येतो की ऐकवत नाही. खरंच काय चुकतंय कळेना, आणि पैसे चुकीच्या जागी घालवायचे नाहीयेत.

खर्ज:
सगळ्यात आधी हे, ताल तुझा सुटत नाहीये. आवाज कॉम्प्युटरमधून आत-बाहेर जायला जो उशीर लागतो, त्याला लेटन्सी म्हणतात. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने नाही, भांडं भरलं की मग पुढे ओततो, त्या भांड्याला बफर म्हणायचं. सेकंदाला ४४,१०० सँपल (आवाजाची बारीक मोजमापं) या हिशोबाने १०२४ सँपलचा बफर भरायला साधारण २३ मिलिसेकंद लागतात, १२८ चा असेल तर ३. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, शिवाय ड्रायव्हरचा वेळ वेगळा, आणि लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डावर हे सगळं मिळून शंभरच्या वर सहज जातं.

ऑडॅसिटी हे भरून काढायला नवा ट्रॅक वेळेत आधी, म्हणजे डावीकडे सरकवतं, पण तिथला ठरलेला आकडा उणे १३० मिलिसेकंद असतो, तो प्रत्येक मशीनला लागू पडेलच असं नाही. तुझा आकडा तूच मोज, फुकट आहे. प्रेफरन्सेसमध्ये लेटन्सी कॉम्पेन्सेशन आधी शून्य कर. एक क्लिक ट्रॅक (मेट्रोनोमसारखी टिकटिक असलेला) तयार कर, इअरफोनचा एक बोंडा माइकला चिकटवून धर आणि क्लिक वाजत असतानाच दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड कर. मग झूम करत जा, अगदी एक क्लिक स्क्रीनभर दिसेपर्यंत, वरच्या ट्रॅकमधलं टोक आणि खालच्या ट्रॅकमधलं टोक यात किती अंतर आहे ते सिलेक्ट करून बघ. तोच आकडा उणे चिन्ह लावून परत तिथे भर. पाच मिनिटांचं काम आहे, करून इथे सांग.

ओसरीतला_आवाज:
आवाज पोकळ येतो तो खोलीमुळे, आणि यावर कितीही महाग माइक घेतलास तरी काही होणार नाही, उलट कंडेन्सर घेतलास तर खोली आणखी जास्त ऐकू येईल, कारण तो फार बारीक ऐकतो, पंखा, शेजारचा टीव्ही, भिंतीवरून परतलेला आवाज सगळंच. जिथे गातोस तिथे मध्ये उभं राहून एक जोरात टाळी वाजव. टाळीमागे झर्रकन थरथर ऐकू आली तर समोरासमोरच्या मोकळ्या भिंती आवाज टोलवतायत असं समज. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून किंवा गादी-पडदे असलेल्या खोलीत तीच टाळी वाजवून बघ, फरक लगेच कळेल.

जाड रजई लावायची असेल तर लोक माइकच्या मागे लावतात, मीही कितीतरी दिवस तसंच करत होतो. पण एका बाजूने ऐकणारा कार्डिऑइड माइक तुझ्याकडे तोंड करून असतो, म्हणजे तुझ्या पाठीमागच्या भिंतीवरून आलेलं सगळं तो सरळ ऐकतो. रजई तुझ्या पाठीमागे हवी!! भिंतीपासून थोडी सुटी टांगलीस तर आणखी चांगलं. आणि माइकपासून वीतभर अंतर ठेव. अंतर निम्मं केलंस की तुझा थेट आवाज सुमारे ६ डेसिबल वाढतो, खोलीचा तेवढाच राहतो, त्यामुळे जवळ जाणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय आहे. अंड्याच्या ट्रेंच्या नादी लागू नकोस, त्याने खालचा घुमारा तसाच राहतो.

तिसरा_टेक:
खरेदीचं मी सांगतो. माझ्या मते तुझ्या बाबतीत पहिली वस्तू ऑडिओ इंटरफेसच, म्हणजे माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणारी डबी, एक माइक प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा) आणि एक गिटारची इन्स्ट्रुमेंट इनपुट असलेला साधा, दोन चॅनेलचा. गिटारला पिकअप आहे, म्हणजे इंटरफेस आल्या दिवशीच ती सरळ जोडता येईल. डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण आहे ना हे बघूनच घे, त्याने तुझा आवाज कॉम्प्युटरमधून न जाता थेट कानात येतो, गाताना उशीर जाणवतच नाही. आणि स्वतःचा एसिओ ड्रायव्हर (विंडोजवर लेटन्सी कमी ठेवणारा) असलेला घे.

पुढची वस्तू डायनॅमिक माइक (कंडेन्सरपेक्षा दणकट, कमी नाजूक), शुअरचा एसएम५८ स्टेजवर सगळीकडे दिसतो त्या जातीचा. १९६६ पासून तो चालतोय. आवाज शोषायची सोय नसलेल्या खोलीत डायनॅमिकच बरा आणि त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (कंडेन्सरला केबलमधून द्यावी लागणारी वीज) लागत नाही. त्यानंतर बंद कपांचे हेडफोन, नाहीतर क्लिकचा आवाज गळून माइकमध्ये जातो. स्पीकर सगळ्यात शेवटी.

लॅपटॉप बदलू नकोस. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरून बघ, ६० दिवस फुकट पूर्ण चालतं आणि जुन्या मशीनवरही हलकं पडतं. जड झालं तर ट्रॅक फ्रीझ करायचा, म्हणजे इफेक्ट्ससकट पक्का करून ठेवायचा. २४ बिटवर रेकॉर्ड कर आणि मीटरचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव, लाल दिव्याच्या जवळ न्यायची काही गरज नाही, २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते.

ओसरीतला_आवाज:
इंटरफेसच्या बाबतीत माझं थोडं वेगळं मत आहे. फक्त गायचं असतं तर मी यूएसबी माइक सांगितला असता, एकाच वस्तूत काम होतं. पण गिटार आणि आवाज एकदम, वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचा असेल तर तिथे तो अडतो, दोन यूएसबी माइक विंडोजवर एकत्र चालवणं ही डोकेदुखी आहे. त्यामुळे तुझ्यासाठी इंटरफेसच ठीक.

एक मात्र मनापासून सांगतो, पिकअपवर कायमचा थांबू नकोस. त्याचा आवाज जरा प्लास्टिकसारखा लागतो. माइक आला की तो गिटारच्या भोकासमोर धरू नकोस, तिथे नुसता गडगडाट येतो, जिथे मान बॉडीला मिळते, साधारण बाराव्या फ्रेटच्या आसपास, तिथे वीत-दीड वीत अंतरावर ठेव आणि हेडफोन लावून थोडा थोडा सरकवत बघ. बोटभर सरकवला तरी तारांचा आवाज बदलतो. या एका कामात मी कधीकधी अर्धा तास घालवतो आणि नंतर इक्यूला (आवाजातला जाड-बारीकपणा कमीजास्त करण्याच्या साधनाला) हात लावावा लागत नाही.

कोरी_तार:
मंडळी, मोजलं!! माझा आकडा २१४ आला. म्हणजे ऑडॅसिटी १३० भरून काढत होतं आणि उरलेले ८४ मिलिसेकंद मी स्वतःच्या तालावर ढकलत होतो. उणे २१४ टाकून तेच कडवं परत गायलो, पहिल्याच टेकला गिटारवर बरोबर बसलं. पाठीमागे दाराला रजई टांगली, पंखा बंद केला आणि इअरफोनचा माइक हातात न धरता वहीला चिकटवून वीतभर लांब ठेवला. पोकळपणा बराच गेलाय, फक्त 'प' आणि 'फ' आले की धप्प असा आवाज येतो.

खर्ज:
तोंडासमोर सरळ न ठेवता माइक जरा बाजूला घे, ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, पण माइकचं तोंड तुझ्याकडे वळवलेलंच. 'प' ची हवा सरळ पुढे जाते, आवाज सगळीकडे पसरतो. आणि आता हे गाणं याच सामानावर पूर्ण कर, इंटरफेस येईपर्यंत अर्धवट ठेवू नकोस. झालं की इथे टाक, ऐकायचंय.