गुन्ह्याचं मूळ जनुकांत सापडलं तर शिक्षा कमी करावी का?

धागाकर्ता: २००९ साली इटलीत त्रिएस्तेच्या अपील न्यायालयाने एका खुन्याची शिक्षा वर्षाने घटवली. दिलेल्या कारणांत त्याच्या 'एमएओए' जनुकाचा कमी सक्रिय प्रकारही होता. मेंदूतली सेरोटोनिन, डोपामिन यांसारखी रसायनं मोडणारं विकर (एन्झाइम) हे जनुक बनवतं. मला निकाल पटला. जनुकं कुणी निवडून घेत नाही. ज्याचा रागावरचा लगाम जन्मतःच ढिला, त्याला इतरांइतकंच दोषी कसं धरायचं?

प्रतिसाद १: साफ असहमत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण तिघांत एकाकडे हाच प्रकार असतो. ते सगळे खून करत फिरतात का? न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या मुलांवरचा २००२चा अभ्यास बघा. ज्या मुलग्यांनी लहानपणी छळ सोसला होता, त्यांच्यातच या प्रकाराने हिंसक वर्तनाची शक्यता वाढलेली दिसली. नुसत्या जनुकाने नाही.

आणि हे हत्यार उलटतं, हे लक्षात घ्या. जनुक आयुष्यभर बदलणार नसेल, तर सरकारी वकील उद्या म्हणेल, 'हा पुन्हा करणारच, सोडूच नका.' १८७६ मध्ये लोंब्रोसो या इटालियन डॉक्टरने जबडा आणि कवटी बघून 'जन्मजात गुन्हेगार' ठरवायला सुरुवात केली होती. मला त्या वाटेची खरोखर भीती वाटते.

प्रतिसाद २: लोंब्रोसो चुकला म्हणून मेंदूचा संबंधच नाकारायचा? २००३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका शिक्षकाची केस प्रसिद्ध केली. चाळिशीत अचानक त्याला लहान मुलांबद्दल विकृत ओढ वाटू लागली. कपाळामागच्या भागात मोठी गाठ निघाली. गाठ काढली, ओढ गेली. गाठ पुन्हा वाढली, ओढ परतली. या माणसाला काय म्हणाल?

प्रतिसाद १: रुग्ण म्हणेन, बिनशर्त. पण तिथे कारण डोळ्यांना दिसत होतं, काढताही येत होतं आणि काढल्यावर वागणं बदललं. जनुकाच्या अहवालात यातलं काय आहे? फक्त शक्यता, तीही अनेकांच्या सरासरीवरून काढलेली. समोर उभ्या असलेल्या एकाच माणसाने त्या रात्री स्वतःला का आवरलं नाही, हे त्यातून कळत नाही.

धागाकर्ता: गाठीचा मुद्दा मान्य. तरी छळ सोसलेलं बालपणही त्या माणसाने निवडलेलं नसतं. जनुकाचा अहवाल न्यायालयात चालणार असेल, तर बालपणाची नोंदही सोबत चालवा. ड्युनेडिनमध्ये फरक दिसला तो दोन्ही एकत्र आल्यावरच.