दहावा खंड पूर्ण वाचावा की सारांशावर भागवावे?

सूरसागर
दांडिया बाजारातील आपल्या वाचक मंडळाने रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम' या चौदा खंडांच्या मालिकेचा नववा खंड संपवला असून, उत्तरायणानंतरच्या बैठकीसाठी दहावा, म्हणजे २००३ साली आलेला 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट', ठरला आहे. माझा प्रस्ताव असा की, त्याचा चार पानी सारांश वाटून आपण थेट अकराव्याकडे वळावे. (नववा ज्यांचा राहिला आहे, त्यांनी येथेच थांबावे.)

नवव्याच्या अखेरीस मालिकेचा नायक रँड आणि त्याची सहकारी नायनीव्ह पुरुषांच्या जादूशक्तीला तीन हजारांहून अधिक वर्षे लागलेला कलंक धुऊन काढतात. एवढ्या प्रचंड घटनेनंतर तिचे परिणाम कळावेत, ही वाचकाची अपेक्षा रास्तच आहे. लेखक मात्र काळ मागे नेतो आणि त्याच सुमारास रँडचे साथीदार पेरिन, मॅट, इलेन व एग्वेन काय करीत होते, हे सांगत बसतो. बहुतेक पात्रांना दुरून काहीतरी अवाढव्य घडल्याचे जाणवते, ती चिंताक्रांत होतात आणि पुन्हा आपापल्या कामाला लागतात. साडेसहाशेहून अधिक पानांत खुद्द रँड किती थोडा दिसतो, हे प्रत्येकाने स्वतः पाहावे.

मांडवीकर
सूरसागर, आपण ज्याला दोष म्हणता तोच मला या खंडाचा हेतू वाटतो. त्या दूरच्या शक्तीचे कारण आपल्याला ठाऊक आहे, पात्रांना नाही. शत्रूनेच एखादे भयंकर अस्त्र चालवले असावे, अशी भीती एग्वेनच्या छावणीत पसरते आणि त्या भीतीपोटीच तिच्याकडील आएस सेडाई, म्हणजे जादूशक्ती वापरणाऱ्या स्त्रिया, काळ्या मनोऱ्यातील जादू करणाऱ्या पुरुषांशी युती करण्याचा विचार स्वीकारतात. ज्या पुरुषांना पकडून त्यांची शक्ती काढून घेण्यात या स्त्रियांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्याशीच! याला परिणाम म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

शिवाय या खंडाची बदनामी मुख्यतः त्या काळच्या वाचकांनी केली. त्यांनी आधी दोन वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली होती आणि पुढचा खंड हाती पडायला २००५ चा ऑक्टोबर उजाडला. आपल्या कपाटात अकरावा खंड तयार आहे. महाभारतातील सर्वांत मोठे पर्व शांतिपर्व आहे, त्यातही कथा पुढे सरकत नाही. म्हणून ते कोणी गाळा म्हणत नाही.

लहरीपुरा
काका, आपला मान राखूनही हा दाखला मला पटत नाही. शांतिपर्व युद्ध संपल्यावर येते. कोण जिंकले, कोण मेले, हे सारे ठरलेले असल्यामुळे भीष्मांचे बोलणे ऐकायला युधिष्ठिराला सवड आहे आणि आपल्यालाही. येथे पेरिनची पत्नी आठव्या खंडात पळवली गेली आहे आणि तिची सुटका होते अकराव्यात. ज्याची बायको शायडो या शत्रू टोळीच्या कैदेत आहे, त्याच्यासोबत किडलेल्या धान्याची खरेदी करीत हिंडताना वाचकाने शांतपणे चिंतन करावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. इलेनच्या राज्यारोहणाच्या राजकारणाबद्दल तर न बोललेलेच बरे.

मांडवीकर
ती धान्यखरेदी कंटाळवाणी आहे, हे मान्य. पण तिच्याच पुढे पेरिन एका शायडो कैद्याचा हात कुऱ्हाडीने तोडतो आणि ती कुऱ्हाड टाकून देतो. पहिल्या खंडापासून हा माणूस स्वतःच्या रागाला घाबरत आला आहे. इतके दिवस हाती काहीच न लागल्याचा त्याचा कोंडमारा आपण सोसलेला असतो, म्हणूनच ते कृत्य अंगावर येते. सारांशात ते एका ओळीत उरकेल आणि पेरिन केवळ क्रूर ठरेल.

सूरसागर
पेरिनचा प्रसंग उत्तम आहे, त्यावर वाद नाही. मात्र एका प्रसंगाच्या पूर्वतयारीसाठी एवढी पाने लागत असतील, तर ती संपादकाच्या कात्रीतून सुटलेली पाने आहेत, असेच मी म्हणेन. तेवढी प्रकरणे आणि मॅट व त्याच्या ताब्यातील राजकन्या टुऑन यांची प्रकरणे बैठकीत वाचू. बाकीचा सारांश मी लिहून देतो.

मांडवीकर
मग त्या सारांशात एग्वेनच्या कथेचा या खंडातील शेवट तरी उघड करू नका. आएस सेडाईंच्या तार व्हॅलॉन शहराच्या बंदरात त्या रात्री काय घडते, ते प्रत्येकाने मूळ पुस्तकातच वाचावे.