मदत हवी आहे: क्लोजर या प्रोग्रामिंग भाषेत मोठी फाइल ओळीओळीने वाचताना 'स्ट्रीम क्लोज्ड'

नमस्कार मंडळी,

पर्जन्यमापकांच्या नोंदींची 6 जीबीची सीएसव्ही फाइल आहे. प्रत्येक ओळीत केंद्र, तारीख-वेळ आणि मिलिमीटर. मला केंद्रवार रोजची बेरीज हवी आहे. पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो, त्यामुळे 8:30 नंतरची नोंद पुढच्या दिवसात धरावी लागते. हा हिशेब हाताने लिहिलेल्या दहा नोंदींच्या व्हेक्टरवर (मेमरीतल्या यादीवर) तपासलाय, अगदी बरोबर येतो. घोडं अडलंय ते फाइलपाशी.

मी 'नोंदी' नावाचं फंक्शन लिहिलं. आत विथ-ओपनने (काम संपताच फाइल आपोआप बंद करणारा) रीडर उघडायचा, लाइन-सेक म्हणजे ओळींचा सिक्वेन्स घ्यायचा, त्यावर मॅपने प्रत्येक ओळीचं पार्सिंग लावायचं आणि तो सिक्वेन्स परत द्यायचा. आरईपीएलमध्ये (आज्ञा देऊन लगेच उत्तर दाखवणाऱ्या खिडकीत) फर्स्ट मागितलं तर पहिली नोंद नीट मिळते. सेकंड मागितलं की आयओ-एक्सेप्शन, 'स्ट्रीम क्लोज्ड'. चार ओळींच्या फाइलवरही तेच, म्हणजे आकाराचा प्रश्न नाही.

मग मॅपभोवती डूऑल घातला, म्हणजे सगळा सिक्वेन्स तिथेच वाचून घेतला. छोटी फाइल चालली. मोठीवर बराच वेळ पंखा घोंगावत राहिला आणि शेवटी आउट-ऑफ-मेमरी.

विथ-ओपनच्या आतच रिड्यूस केलं (एकेक नोंद घेत बेरीज वाढवत नेली) तर सगळं सुरळीत चालतं. पण मग फाइल उघडणं, पार्सिंग, साडेआठचा नियम, बेरीज सगळं एकाच फंक्शनमध्ये कोंबलं जातं आणि व्हेक्टरवर तपासायची सोय जाते. ती मला अजिबात सोडायची नाही, कारण नियमातली चूक तिथेच सापडते. विथ-ओपन काढून रीडर उघडाच ठेवायलाही मन धजत नाही.

पहिली ओळ मिळते आणि दुसरी का नाही? आणि हे वेगवेगळं ठेवायचं कसं?

प्रतिसाद

लाइन-सेक पहिली ओळ बोलावल्याबरोबर वाचतो, तेव्हा रीडर उघडा असतो. पुढचं सगळं लेझी-सेकमध्ये गुंडाळलेलं, म्हणजे मागेपर्यंत न वाचलेलं. तुमचं फंक्शन संपलं की विथ-ओपन रीडर बंद करतो, आणि दुसरी ओळ मागाल तेव्हा रीडलाइन बंद रीडरवर जाऊन आदळतो. ओळ बफरमध्ये आलेली असली तरी उपयोग नाही, बफर्डरीडर आधी आपण उघडे आहोत का हेच तपासतो.

हास्केल भाषा वापरणाऱ्यांनाही हेच भोवतं. विथफाइलच्या आत एचगेटकंटेंट्स घेऊन मजकूर बाहेर नेला की तीच गत. कंड्युइट, पाइप्स या लायब्ररी तिथे त्यासाठीच वापरतात.

तुमच्यासाठी उपाय असा: सिक्वेन्स बाहेर आणू नका, काम आत पाठवा. पार्सिंग आणि साडेआठचा नियम कॉम्पने जोडून एक ट्रान्सड्यूसर (ओळी कुठून येतात याच्याशी संबंध नसलेली प्रक्रिया) करा, बेरजेचं फंक्शन वेगळं ठेवा. फाइलचं फंक्शन एवढंच करेल: पाथ, ट्रान्सड्यूसर, बेरीज आणि सुरुवातीचा रिकामा मॅप (इथे किल्ली-मूल्यांचा तक्ता) घ्यायचा, विथ-ओपनमध्ये लाइन-सेकवर ट्रान्सड्यूस चालवायचा, उत्तर द्यायचं. तोच ट्रान्सड्यूसर मजकुराच्या ओळींच्या व्हेक्टरवरही जसाच्या तसा चालतो. ट्रान्सड्यूस शेवटी बेरजेचं फंक्शन एकाच आर्ग्युमेंटने बोलावतो, तेव्हा मॅप तसाच परत देणारी ती शाखा लिहायला विसरू नका. किंवा ती शाखा आपोआप जोडणाऱ्या कंप्लीटिंगमध्ये फंक्शन गुंडाळा.

आणि उत्तरात लेझी काही राहू देऊ नका. मॅपमधल्या एखाद्या किल्लीखाली फाइलच्या ओळींवरच्या फिल्टरचा सिक्वेन्स ठेवलात तर एक्सेप्शन पुन्हा येईल, तेही भलत्याच ठिकाणी, आणि शोधताना जीव जाईल.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार! ट्रान्सड्यूसर केला, दहा नोंदींची तपासणीही शाबूत राहिली, आणि पूर्ण फाइल व्यवस्थित पार पडली. कंप्लीटिंगचं सांगितलंत ते बरं झालं, एरिटीची (आर्ग्युमेंटच्या संख्येची) चूक लगेच ओळखू आली.

एक अडलंय. एकूण ओळीही मोजायच्या होत्या म्हणून विथ-ओपनच्या आत लेटने लाइन-सेकला नाव दिलं, आधी काउंट, मग त्याच नावावर ट्रान्सड्यूस. मेमरी परत चढत गेली.

प्रतिसाद

काउंट चालू असताना त्या नावाने सिक्वेन्सचं डोकं (पहिलं टोक) धरून ठेवलंय, कारण पुढे ते नाव पुन्हा लागणार आहे. म्हणून वाचलेली एकही ओळ गार्बेज कलेक्टरला (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेला) सोडता येत नाही. नाव देऊच नका, मोजणी बेरजेच्या मॅपमध्येच आणखी एका किल्लीखाली ठेवा. फाइलही एकदाच वाचली जाईल.