फारसी ‘दस्त’ आणि आपला दस्त

ए-203: दस्त नोंदणीची नोटीस वाचून मुलगा विचारतोय, फारसीच्या वर्गात ‘दस्त’ म्हणजे हात शिकवलाय, मग इथे कागद कसा? कुणी सांगेल का?

सी-502: ताई, मूळ एकच. फारसीत दस्त म्हणजे हात; बोलताना तर खांद्यापासून बोटांपर्यंत सगळाच. दस्तऐवज म्हणजे मुळात हाताने धरून राहायची वस्तू, आधार. आपल्याकडे तो कागदावर स्थिरावला. पण इराणमध्ये घराच्या कागदाला ‘सनद’ म्हणतात. तिथे ‘दस्तावीज’ म्हटलं तर सबब, निमित्त असा अर्थ लागतो.

बी-101: दस्तखतचंही तसंच. तिकडे त्याचा अर्थ हस्ताक्षर, सहीला ‘एम्ज़ा’. बँकेत ‘दस्तखत कुठे करू?’ विचारलं तर घोटाळा होईल. आणि ‘ज़बरदस्त’ म्हणजे निष्णात, कसबी.

ए-203: वर्गात ‘दस्तेत दर्द नकोने’ असं एक वाक्यही दिलंय.

सी-502: ते तर रोज लागणारं! शब्दशः ‘तुझा हात न दुखो’, अर्थ ‘आभारी आहे’. कुणी चहा आणून दिला, पिशवी उचलली, टॅक्सीवाल्याने सोडलं की म्हणायचं. पण ‘दस्तेत’ फक्त जवळच्यांना. मोठ्यांना, अनोळखी माणसाला ‘दस्तेतुन दर्द नकोने’. मुलं हमखास इथेच चुकतात, कारण पुस्तकात ‘दस्त-ए शोमा दर्द नकोनद’ असं लेखी रूप असतं आणि कानावर पडतं ते वेगळंच. काम अजून चालू असेल तर हे वाक्य शोभत नाही. कामात असलेल्या माणसाला ‘खस्ते नबाशीद’, म्हणजे ‘थकू नका’.

डी-404: सूरही सांभाळायला सांगा. हेच वाक्य तिरकस सुरात म्हटलं की ‘वा, छान केलंस!’ असा टोमणा होतो. कुणी आपल्याला म्हटलं तर ‘सरेत दर्द नकोने’, तुझं डोकं न दुखो, किंवा सरळ ‘खाहेश मीकोनम’.

ए-203: उच्चार कसा करायचा?

सी-502: ‘द’ आपलाच दंत्य. पुढचा स्वर मात्र ‘बॅट’मधल्यासारखा, दॅस्त. आपण सरळ ‘अ’ म्हणतो, तेवढ्याने बोलणं परकं वाटतं. लिहिताना दाल, सीन, ते अशी तीन अक्षरं. दाल पुढच्या अक्षराला जोडायचा नाही, सीन आणि ते जोडायचे. वहीत मुलं तिन्ही एकत्र ओढतात.

बी-101: अजून चार पाठ करून घ्या. ‘दस्तम बंदे’: हातात काम आहे. ‘अज़ दस्त दादन’: गमावणं. ‘दस्त-ए कम’: निदान. आणि ‘दस्तशूई’ म्हणजे स्वच्छतागृह. बोलताना त्यातला ‘त’ गळतो, ‘दसशूई’ ऐकू येतं.

ए-203: एक दस्ता कागद म्हणतो, तोही यातलाच?

डी-404: हो, ‘दस्ते’ म्हणजे मूठ, जुडी. फुलांचा गुच्छ ‘दस्ते गोल’. आपला दस्ता 24 कागदांचा.